अठरा मिलिमीटर

आईच्या बोटांना रिंग लागत नसे.
मोहाडीच्या पॅकहाऊसमध्ये नव्या पोरी
एकेक मणी भोकातून घालून बघायच्या,
सोळा की अठरा.
आई नुसता चिमटीत धरायची आणि सांगायची,
हा इथल्या बाजारात, हा लंडनला.
सुपरवायझर पैज लावून हरायचा.

त्याच बोटांना डिसेंबरात, अंघोळ करताना,
डाव्या बाजूला काखेजवळ
एक मणी लागला.
दुखत नव्हता.
दुखत नाही म्हणजे काही नाही, असं तिनं ठरवलं,
आणि म्हणाली, सीझन संपू दे.
कुणाला म्हणाली कोण जाणे,
आम्हाला तरी नाही.

एप्रिलात शेवटचा कंटेनर गेला
तेव्हा मला हाक मारून म्हणाली, दार लाव.
आमच्या घरात त्या अवयवाला नाव नव्हतं.
"इथं," ती म्हणाली. "इथं जरा बघ."
अण्णा विचारायचे, काय होतंय हिला?
आम्ही दोघी म्हणायचो, कणकण आहे.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर
दोन खुणांमध्ये रेघ ओढली. सव्वीस मिलिमीटर.
आई मान तिरपी करून बघत राहिली.
"एक्स्पोर्टचा माल," म्हणाली
आणि हसली, एकटीच.

नंतरची दोन वर्षं मला सलग आठवत नाहीत.
पिवळी फाईल आठवते.
मुंबई नाक्यावर हट्टानं प्यायलेला उसाचा रस, न पचलेला.
आणि उशीवरचे केस गोळा करून
अण्णांनी शर्टाच्या खिशात ठेवले,
तो शर्ट मी न बघता भिजवला.

दहाव्याला रामकुंडावर
पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला.
गुरुजी म्हणाले, समाधानानं गेली माउली.
किरण तिथंच भडकला.
"मेल्यावरसुद्धा काही मागत नाही ही!"
आणि ओल्या पंच्यानिशी पुलापर्यंत चालत गेला.
अण्णा त्याच्या मागे, चप्पल हातात घेऊन.

मग आम्ही तिघं तीन वेळांना जेवू लागलो.
जानेवारीत कुणीतरी द्राक्षांची पेटी दिली.
खाववेना, टाकवेना.
फ्रीजवर पडून तिला वाईनसारखा वास सुटला
तेव्हा अण्णांनी ती नळाखाली धुतली,
बराच वेळ, रिकामी झाल्यावरही,
आणि पाठमोरे म्हणाले,
"त्याला स्तन म्हणतात ना?
मग म्हणायचं की. मला म्हणायला काय झालं होतं."
किरणनं टीव्हीचा आवाज बंद केला.
चित्र तसंच हलत राहिलं.

"रोज वीस बाया असतात माझ्या टेम्पोत," अण्णा म्हणाले.
"तू सांग त्यांना. मी लांब थांबतो."

म्हसरूळच्या पुढे, बाभळीखाली, टेम्पोच्या मागच्या भागात
मी सांगितलं.
पाळी संपली की चार दिवसांनी. तीन बोटांची पेरं, टोकं नव्हे.
लहान लहान गोल, काखेपर्यंत.
पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख धरा.
गाठ दुखायची वाट बघू नका.
कुणी पदरात हसलं. कुणी म्हणालं, चल उशीर होतोय.
लांब अण्णा रस्त्याकडे तोंड करून
तंबाखू मळत उभे होते, खात नव्हते.

सगळ्या उतरल्या, पेठची मंजुळा भोये उतरली नाही.
"मला दोन महिने झाले," म्हणाली.
"सीझन संपला की जाणारच होते."

किरणनं रजा टाकली.
सिव्हिलच्या रांगेत तोच पुढे उभा होता,
केसपेपरवर तिचं नाव नीट लिहून घेत.
रिपोर्ट गुरुवारी.
परत येताना मंजुळानं माझा हात धरला,
दुसऱ्या हातानं ओढणीवरूनच जागा दाबली.
"केवढी असेल गं? तुझ्या आईला लगेच कळलं असतं."

मी म्हणाले, माहीत नाही.
माझ्या बोटांना रिंग लागते.