चौदा इंच

कुर्टीच्या उतारावर, टायरवाल्याच्या मागे माझं गॅरेज.
मी गाड्यांना गॅस लावतो.
पाकिटाच्या पाठीवर पेट्रोलचा हिशेब मांडून माणसं येतात,
मी अठ्ठेचाळीस सांगतो, ते पस्तीस म्हणतात,
मग चहा येतो.

लोटलीचा इनास रिबेलो मात्र टेप घेऊनच आला,
शिंप्याची, पिवळी, शेवटचे आकडे झिजलेली.
बोरीचा पूल ओलांडून आलेली जुनी पांढरी ओम्नी,
मागे घोंगडीत गुंडाळून कुणीतरी झोपलेलं.
शाबी दचकला. पात्रांव, मडं की काय?
रबेकांव, म्हणाला इनास. चर्चमधलं मोठं व्हायोलिन,
उभं केलं तर माझ्याहून वीतभर उंच.
लग्न, फेस्त, लदीन, मरण,
कुठेही जायचं तर हे आधी गाडीत चढतं.

मी सिलिंडर दाखवला.
रिकामा, तरी दोघांनी उचलायचा.
मागे आडवा बसणार, आणि एकदा बसला की हलणार नाही,
घरजावयासारखा.
इनासने मोजलं. चष्मा पुसून पुन्हा मोजलं.
चौदा इंच कमी पडत होते.

तो उंबऱ्यावरच बसला.
पेट्रोल परवडत नाही आणि गॅसला जागा नाही,
असं काहीसं तो कोंकणीत, अर्धं स्वतःशी.

एर्मेलिन एवढा वेळ पुढच्या सीटवर चणे सोलत होती.
काचेतून म्हणाली,
माझी सीट काढ. ह्याला पुढे झोपव, पट्टा लाव.
लग्नाच्या दिवशीसुद्धा मी मागेच बसले होते,
पुढे हेच होतं.
बाय, मागे सिलिंडर असेल, मी म्हटलं.
असू दे. टाकीची भीती कुणाला?
ह्याचा ब्रेक बघितलायस तू?

आरटीओच्या कागदावर
इंधनाच्या रकान्यात एक शब्द वाढला,
आसनांच्या रकान्यात एक आकडा घटला.

ह्या वायूला स्वतःचा वास नसतो.
लोकांना वाटतं असतो.
तो मुद्दाम घालतात, सडक्या कांद्यासारखा,
काहीतरी निसटतंय हे कळावं म्हणून.
माझ्या बापाने घरातला लाल सिलिंडर गाडीत घातला होता,
रबरी नळी, वर तरटाचं पोतं, मडगावच्या फेऱ्या.
वास यायचा त्याला, पण नाकाला सवय झाली
की वास असून नसल्यासारखा.
एकदा भिवया गेल्या. परत आल्या,
उजवी जरा विरळ.
म्हणून मी प्रत्येक जोडाला दाढीच्या ब्रशने फेस लावतो
आणि बघत बसतो.
बुडबुडा आला नाही तरी
आणखी शंभर आकडे मोजतो.
शाबी तोवर बाहेर जाऊन येतो.

मागच्या शुक्रवारी, रात्री पावणेअकरा, पंपावर रांग.
दिवसा टाकी तापलेली, गॅस कमी बसतो,
म्हणून सगळे शहाणे रात्री येतात
आणि एकमेकांच्या मागे उभे राहून पस्तावतात.
माझ्या पुढे तीन गाड्या सोडून ती ओम्नी.
भरताना माणसं खाली, असा नियमच आहे.
इनास उतरला. एर्मेलिन उतरली, पायाने चप्पल चाचपत.
मग म्हणाली, त्यालाही उतरव.
पट्टा लावतोस ना? मग माणूस तो.
नोझल हातात धरून पंपावरचा पोरगा हसला,
पण थांबला.

भिंतीपलीकडे कंप्रेसर घुमत होता,
एकाच जाड सुरात.
इनासने मान कलती केली. घोंगडी सोडली,
सगळ्यात जाड तारेची खुंटी जराशी पिळली,
बोटाने छेडलं, ऐकलं, पुन्हा पिळलं.
दोन सुरांमधली फट शोधत होता तो,
मी शोधतो तशीच,
फक्त साबणाशिवाय.

वाजवलं काहीच नाही.
घोंगडी गुंडाळली, पट्टा लावला.
साडेआठ किलो बसला.
पैसे एर्मेलिनने दिले, सुटे, दोनदा मोजून,
आणि मागच्या टॅक्सीवाल्याने
हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच.