हौदाची वही

डॉक्टर चिद्रावार त्याला पूल म्हणतात.
मी हौदच म्हणतो.
बारा बाय पंचवीस फूट, खोल टोकाला साडेपाच.
नांदेडात, गोदावरीच्या इतक्या जवळ
की पावसाळ्यात भिंतीवरचं कॅलेंडर
महिना संपायच्या आत वाकतं.

वही त्यांनीच दिली. रोज सकाळी लिहायचं:
पट्टीचा रंग, क्लोरीन किती चमचे, सही.
लिहितो.
पट्टी बुडवायच्या आधी पाण्याचा वास घेतो,
त्याला रकाना नाही.

अब्बा विहिरीत पडलेल्या वस्तू काढायचे.
घागरी, बादल्या, एकदा कुणाची तरी पाटली.
लोखंडी गळ, दोर आणि एक दम.
वर आले की आधी थुंकायचे, मग बोलायचे:
"खाली झरा हाय. पाणी गोड व्हतंय."
मी जाळीनं लिंबाचा पाला काढतो.
धंदा तोच म्हणायचा,
खोली तेवढी कमी झाली.

डिसेंबरात पाणी इतकं नितळ
की तळाची फरशी मोजता येते,
आणि उतरत कुणी नाही.
मार्चात पानगळ, दिवसातून तीनदा जाळी.
मग मधमाशा. पायरीच्या ओल्या कडेला
रांग लावून पितात.
त्या दिवसांत औषध मी रात्री टाकतो.
बोअरचं पाणी जड, काठाला पांढरी रेघ धरतं.
लिंबू, घासणी, गुडघे.
रेघ जाते. आठ दिवसांनी येते.

गेल्या मेमध्ये बोअरनं हवा ओकली.
टँकरचा भाव ऐकून डॉक्टर म्हणाले,
"सोडून द्या पाणी, शादुलभाई."
सोडून कुठं द्यायचं?
मागच्या गल्लीत शेवगा होता, डाळिंब होतं,
पांचाळांची म्हैस होती.
तीन दिवस औषध बंद ठेवलं,
उन्हाला त्याचा उग्रपणा ओढू दिला.
बायका रोज येऊन विचारायच्या, झालं का.
चौथ्या दिवशी वास घेतला, पाइप लावला.
म्हशीला नाही दिलं. ती रुसली असेल.

रिकाम्या हौदात पोरांनी क्रिकेट मांडलं.
कसाही मारा, चेंडू घरंगळत
खोल टोकालाच येतो.
एका संध्याकाळी पोरं गेल्यावर
डॉक्टर चपला काढून आत उतरले.
चार वर्षांत तिसऱ्या पायरीखाली गेले नव्हते.
साडेपाच फुटांच्या भिंतीशी उभे राहिले,
हात वर करून काठ चाचपला.
"एवढंच होतं होय?"
मी काही बोललो नाही.
पाणी भरलं की ते वाढतं,
हे त्यांना कसं सांगायचं?

आणि श्रावण.
अंगावरचा सदरा अंगावरच शिळा होतो,
क्लोरीनच्या पिशवीत दगड बनतात,
मिठासारखे फोडून घ्यावे लागतात.
रात्री निळं सोडलेलं पाणी
सकाळी मुगाच्या वरणाचं.
भिंती घासा, फिल्टर उलटा धुवा,
पुन्हा पट्टी, पुन्हा सही.
यंदा लाईट दोन दिवस गेली, वर पाऊस धो धो.
औषध पार धुऊन गेलं.
तिसऱ्या सकाळी जाळी उचलली तर
कोपऱ्यात साबुदाण्याची माळ,
प्रत्येक दाण्यात काळा ठिपका.
आणि ठिपका हलत होता.

मोटरच्या बटणावर बोट होतं माझं.
अब्बा विहिरीत उतरण्याआधी
दोर पाण्यावर दोनदा आपटायचे,
आतल्यांना कळावं म्हणून.

वहीत लिहिलं: मोटर बंद. पार्ट यायचाय.
दुसऱ्या दिवशी तेच.
पुढचे पंधरा दिवस तेच, खाली सही.
हौद हिरवा गच्च. डॉक्टर रोज
खिडकीतून बघायचे, चहा प्यायचे,
खिडकी लावून घ्यायचे.

सोळाव्या दिवशी वही उघडली
तर माझ्या ओळीखाली त्यांचं अक्षर,
औषधाच्या चिठ्ठीसारखं, कष्टानं लागलं:
"पार्टला पाय फुटले का?"

मी पेन झटकलं. ओलीनं शाई धरत नव्हती.
खाली लिहिलं:
"मागचे दोन."