बिरोजा

सहा इंची काच घासून
दुर्बिणीचा आरसा करायचाय मला.
वीज मंडळात एकतीस वर्षं
लोकांची मीटरं तपासली,
आता थोडं लांबचं काही तपासावं म्हटलं.
शनीची कडी, निदान.

फोनला विचारलं.
त्याने दुर्बिणी विकायला काढल्या:
दहा उत्तम, पाच स्वस्त,
एकीसोबत पिशवी फुकट.
मग एक टोपीवाला मुलगा
‘नमस्कार दोस्तों’ म्हणाला
आणि नऊ मिनिटं नमस्कारच करत राहिला.
काच हातात घेतली, तेव्हा भाग संपला.
पुढचा भाग त्याने केलाच नाही.
लग्न झालं असेल, किंवा नोकरी लागली.

आठवड्याभरात फोन मला चष्मे दाखवू लागला,
मग गुडघ्यांचे पट्टे.
माझं वय त्याला बरोबर कळलं.
प्रश्न नाही कळला.

प्रश्न एवढाच की
काच घासून झाली, आता चमकवायची,
तर तिच्याखाली डांबराची गादी लागते,
ती किती मऊ, किती कडक?

एका जागी सापडलं उत्तर.
जीव लावून लिहिलेलं, आकृतीसकट.
‘गादी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.’
कुणाच्या खोलीच्या?
लिहिणाऱ्याच्या खिडकीबाहेर बर्फ असणार.
माझी खोली परदेशीपुऱ्यात,
तिसरा मजला, डोक्यावर गच्ची,
मे महिना.
त्याच्या खोलीचं तापमान
माझ्या माठातसुद्धा नाही.

गादी रात्रीतून वितळली,
पसरली खालच्या पेपरवर,
निधनवार्तांच्या पानावर.
माळव्याची रात्र गार, म्हणतात.
असते ना, दोन वाजल्यानंतर.

त्यात रोझिन मिसळा, असं आणखी कुठेतरी होतं.
जवळच्या दुकानातून आणा.
जवळचं दुकान नाहटांचं:
साबुदाणा, शेव, उदबत्ती, रिचार्ज.
रोझिन शोधलं तर व्हायोलिन आलं,
आणि व्हायोलिनच्या गजाला लावायची
काड्यापेटीएवढी डबी, सातशे रुपयांना.
मला हवं होतं अर्धा किलो.

शेवटी गेले सियागंजात.
हातिमभाईंच्या दुकानात, पोत्यांच्या फटीत उभी राहून
हातवारे केले:
पिवळं असतं, काचेसारखं,
ठेचलं की तडकतं, तापवलं की चिकटतं.
त्यांनी वहीतून मान वर न काढता हाक दिली,
‘छोटू, बिरोजा!’

बिरोजा.

पुडी नाकाशी नेली
आणि एकदम आमची लॅब आली,
दुपारचे चार, चहा यायचा, कय्याची तापलेली जीभ,
तार झाळताना उठणारा तो धूर.
एकतीस वर्षं हाच तर होता टेबलावर,
पत्र्याच्या झाकणात.
आम्ही त्याला ‘पिवळं’ म्हणायचो.
मुजुमदार म्हणायचे, ‘जरा पिवळं सरकवा.’
दोन महिने मी जगभर ज्याला शोधत फिरले
त्याचे चटके आहेत माझ्या बोटांवर.

‘किस काम का?’ हातिमभाईंनी विचारलं.
सांगितलं. शनीचं नाही सांगितलं, काचेचं.
‘सराफे के नक्काशीवाले ले जाते हैं,
गर्मी में ज़्यादा डालते हैं.
नाखून से दबाके देखना,
निशान पड़े, पर धँसे नहीं.’
एवढं बोलून पुन्हा वहीत.

निशान पडावं, पण नख रुतू नये.
एका ओळीचं होतं सगळं.

घरी येऊन विजेच्या बिलामागे लिहून ठेवलं:
मे, एक्केचाळीस अंश,
डांबर दोन वाट्या, बिरोजा सव्वा वाटी, नखाची खूण.
खाली पत्ता घातला, मजलासुद्धा.
कुणासाठी, माहीत नाही.
बिल काचेच्या खोक्यात आहे.

आरसा अजून झालेला नाही.
त्याची कडा जरा जास्तच उतरली आहे,
ते का, ते मला कळत नाहीये.
शनी सध्या पहाटे तीनला उगवतो.
तेव्हा गादी बरी कडक असते.
अंगठ्याच्या नखात काळी रेघ घेऊन
मी पोळ्या लाटते,
सून काही म्हणत नाही, फक्त पाहते.