कारकुनाची जबानी

साहेब गेले त्याला दोन उन्हाळे झाले.
काळा कोट माझ्याकडेच आहे, रामुलू चिट्यालकडे.
उजव्या खिशाला अजून शेंगाचटणीचा वास,
डावा खिसा फाटका.
शिवू नकोस म्हणायचे,
फीचे पैसे टिकत नाहीत तिथं, तेच बरंय.

चनबसप्पा हिप्परगी, बी.ए., एलएल.बी.
घरात कन्नड, कोर्टात मराठी,
आणि विडीवाल्या बायकांशी असलं तेलुगू
की बायका तोंडाला पदर लावायच्या.
पोशम्माच्या हजारातल्या दोनशे विड्या
कारखानदार 'छाट' म्हणून बाजूला काढी,
आणि छाटही विकी.
अकरा वर्षं चालला दावा. जिंकलो.
निकालाची नक्कल घेऊन पोशम्मा कारखान्यावर गेली,
दिवाणजीनं त्यातच तिला तंबाखू बांधून दिली.

त्या संध्याकाळी साहेबांनी एकही अशील घेतला नाही.
पंख्याखाली बसून राहिले.
मग म्हणाले, रामुलू,
कलमं वाचून झाली.
आता ती लिहितात तिथं जाऊ.

साखर पेठेत, रंगखात्याच्या माडीवर
पक्ष निघाला. एकेचाळीस माणसं, तीन खुर्च्या,
खाली लाल सुताच्या लड्या ठिबकत होत्या.
पक्षाची घटना मी टाईप केली,
'सत्ता' लिहिताना एक त कमी पडला,
साहेब म्हणाले, राहू दे.
चिन्ह मागितलं धोटा. मिळाली किटली.
पहिल्यांदा डिपॉझिट गेलं,
दुसऱ्यांदा स्कूटर,
तिसऱ्यांदा तीनशे बारा मतांनी आले.
महिन्याभरात खजिनदार सत्तेत गेला,
तिन्ही खुर्च्या घेऊन.

सभागृहात एकटेच, शेवटचा बाक.
सवयीनं एकदा 'मी लॉर्ड' म्हणाले,
तेव्हा दोन्ही बाजू एकत्र हसल्या.
तेवढ्यापुरती एकी.

छापील वृत्तांत मी अजून वाचतो,
चुका शोधत, जन्माची खोड.
पान दोनशे सात :
श्री. चनबसप्पा हिप्परगी : अध्यक्ष महाराज,
छाट कोणी ठरवायची, एवढाच माझा—
(घंटा)

काल पोशम्माची नात आली.
त्या निकालाची नक्कल हवी म्हणाली,
दप्तरासकट, कॉलेजातून थेट.
मी दोनशे सात पान पुढं केलं.
तिनं कंसावर बोट ठेवलं,
हे काय, आजोबा?
वेळ संपली, म्हटलं.
कुणाची?

मी चष्मा पुसत बसलो.
नकलेला स्टॅम्प लागतो, पोरी,
एवढंच सांगितलं,
आणि कपाटाची किल्ली शोधायला उठलो.