बर्फावरची भूक

बर्फावरच न्यावी लागते ती.
नळीत रक्त आलं की अर्ध्या तासाच्या आत
सेंट्रिफ्यूजमध्ये, मग आम्लाचे दोन थेंब,
नाहीतर मोडून जाते
आणि यंत्र म्हणतं, काही नव्हतंच.

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
टे नदीवरून सीगल येतात, कचऱ्याच्या डब्यांवर भांडतात.
मॉरव्हन, वय एकोणीस. तिचं मनगट
माझ्या दोन बोटांच्या कडीत सैल फिरतं.
शीर शोधताना मी हवेबद्दल बोलते.
इथे सगळे तेच बोलतात.

जेवणाआधी एक नळी. मग ताटलीत
मटार, अर्धा बटाटा, माशाचा तुकडा.
ती मटार मोजते.
मीही मोजते, माझं ते कामच.
मग तीस मिनिटांनी, साठ, नव्वद.

दारात वडील, हातात ओली टोपी.
म्हणतात, हिची भूकच गेली.
मनातल्या मनात मी मराठी करते: मेली.
मिरजेत असंच म्हणायचे, भूक मेली,
जणू तिला खांदा देऊन आलो, आंघोळ करून बसलो.

पण शुक्रवारी आकडे येतात.
घ्रेलिन, धडधाकट मुलीच्या दुप्पट.
जठराच्या भिंतीतून रात्रंदिवस
तातडीची तार जाते आहे.
आणि लेप्टिन, जे ‘पुरे’ म्हणतं,
ते जवळजवळ मुकं.
बोलायला अंगावर चरबीच उरली नाही.

म्हणजे मेलेली नाही.
आहे, हाका मारते आहे,
कडी आतून लावलेली.

आकडा सांगायची परवानगी नाही मला.
तिच्या हातात कुठलाही आकडा सुरी होतो.
पुढच्या मंगळवारी तिनं विचारलंच,
तेव्हा एवढंच म्हटलं,
आमच्याकडे म्हणतात, पोटात कावळे ओरडतात.
हसली नाही. खिडकीकडे बघत राहिली.
म्हणाली, रात्रभर.
मग हळूच:
ते ओरडतात तोवर मी जिंकतेय.

मला सुईचं टोपण सापडेना.
हॉस्टेलच्या गच्चीवर, बावीस वर्षांची असताना,
अगदी हेच वाक्य मी मराठीत म्हटलं होतं.
पाण्याची टाकी सोडून ऐकायला कुणी नव्हतं.

सव्वीस मिनिटं झाली.
ट्रे घेऊन लांब कॉरिडॉरमधून चालते आहे,
बर्फ खुळखुळतो.
माझा डबा सकाळपासून तसाच.
अजून चार मिनिटं आहेत.