दगड उचलू नये

खाण मिटली. भोवती आता तार,
तारेपाशी खुर्चीत बिसराम उईके,
बावीस वर्षं इथेच सुरुंग भरणारा.

पाटी सांगते : दगड उचलू नये.
अर्ध्या नागपूरचा चुना
याच हातांनी ट्रकात चढवलेला.

शाळेची पोरं कड्याला नाक लावतात.
गोगलगाय, तो दाखवतो, हरभऱ्याएवढी.
"सहा कोटी वर्षांची, सायब म्हनते."
मग हळूच :
"भट्टीत किती गेल्या असतीन, कोनं मोजलं?"

खड्ड्यातल्या हिरव्या पाण्यावर टिटवी.
कुलूप लावताना खोकला येतो,
लांबतो.

मेडिकलमध्ये डॉक्टरणीने फिल्म
खिडकीच्या उजेडाला धरली होती,
छातीभर पांढरं.
तेव्हाही त्याने विचारलं होतं :
"यात काई सापडलं का, म्याडम?"