समडोळीचं खाजण

"समुद्र हितनं किती लांब?" मुमताजनं पहिल्याच दिवशी विचारलं.
मी म्हटलं, एसटीनं सहा-सात तास, मध्ये घाट.
"मग ह्यो मीठ आलं कुठनं?"

वारणेकाठचं साडेचार एकर रान,
पौषातल्या उन्हात पांढरंफटक,
पिठाची गिरणी कुणी उलथून ठेवल्यासारखं.

समुद्राचा काही संबंध नव्हता.
पाटाचं पाणी, तीस वर्षं, रात्रीबेरात्री उसाला.
खालचं मीठ त्याचं बोट धरून वर आलं.
पाणी उडून गेलं, ते राहिलं.

मी बारा वर्षं आचऱ्याच्या खाडीत काढली,
गुडघाभर गाळात तिवराची रोपं टोचत.
भरती आली की काम बंद, घड्याळ तिचंच.
इथं कारखान्याचा भोंगा,
आणि वही हातात धरून मी.

आमची टोळी आठ जणांची.
ऊसतोडीला टोळी म्हणतात तीच ही टोळी,
फक्त इथं तोडायचं काही नाही.
पाच फूट खोल चर, तळाला खडी,
भोकांचा पाइप, वर पुन्हा माती.
मीटर चरात सोडला की आकडा थरथरतो, मग थांबतो.

बिरूचा मीटरवर विश्वास नाही.
जतकडचा, बापजाद्यांची मेंढरं.
ढेकूळ जिभेला लावून म्हणाला,
"बाई, खारट कमी, तुरट जास्त. चोपण हाय ही."
मी हसले.
आठ दिवसांनी डिग्रजहून रिपोर्ट आला,
त्यात तेच होतं, आकड्यांत.
मग जिप्समची पोती मागवली.
बिरूला काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

माघात अकराशे रोपं लावली, गवताची, माझ्या हट्टानं.
खाडीत जगतात, इथं का नाही?
पंधरा दिवसांत वाकली, काळी पडली.
मी एकेका ओळीत वाकून मोजली:
एक हजार बेचाळीस.
टोळीतलं कुणी अवाक्षर काढलं नाही,
ते जास्त लागलं.
तायव्वानं मेलेली उपटून पाटीत भरली.
"चुलीला हुतील," म्हणाली.

अठ्ठावन्न राहिली. त्यांच्या बुडाची माती पाहिली,
उंचवट्यावरची, दोन बोटं उंच, बस तेवढीच.
मग सगळे वरंबे दोन बोटं उंच केले.
पुन्हा. हातानं.

वैशाखात खालच्या कोपऱ्याचा प्रश्न आला.
सगळ्या पाइपांचं पाणी तिथं उतरायचं,
अर्धा एकर डबकं, कडेला लव्हाळा, पाणकणीस.
रान जिनगोंडा पाटलाचं. त्यानं मुरूम सांगितला,
जेसीबीही आला.
आणि चिखलाच्या भेगाळ पापुद्र्यावर
शेकाट्यांची चार अंडी,
मातीच्याच रंगाची, पाय पडला तर कळायचं.

लाल काटकुळ्या पायांवर ती मादी ओरडत राहिली
आणि सगळी टोळी माझ्याकडे बघत राहिली.
खाडीत असताना माझ्या खिशात कागद असायचा,
शिक्क्याचा. तो दाखवला की माणसं थांबायची.
इथं खिशात पेन आणि आवळ्याची गोळी.
मी तोंड उघडलं, शब्द नाही आला.

बिरूनं कुदळीचा दांडा रोवला.
मुमताजनं डोक्याची ओढणी सोडून त्याला बांधली.
जेसीबीवाल्या पोरानं यंत्र बंद केलं,
खाली उतरून तंबाखू मळत बसला.

जिनगोंडा बांधावर बराच वेळ उभा.
"पिल्लं कवा निघतील?"
"पंचवीस दिवस."
"आन् मग?"
मग काय, ते मलाही ठाऊक नव्हतं. तसं सांगितलं.
तो वाकला, पाण्यात हात घातला, हुंगला, धोतराला पुसला.
"ऱ्हाऊ दे तेवढं. पर पाइपचं बिल माझ्या नावावर घालू नगा."

शनिवारी पगार वाटला.
नोटा मोजताना बोट जिभेला लागलं.
खारट, का तुरट,
मला अजून नीट सांगता येत नाही.